चित्राखालची ओळ : सामाजिक शास्त्रांतील प्रतिमा-पद्धतीची एक चिकित्सा

'प्रतिमा' हा शब्द मराठी काव्यसमीक्षेत इतका रुळला आहे, की सामाजिक शास्त्रांचा अभ्यासक तो निराळ्या अर्थाने योजू लागला म्हणजे आपण क्षणभर गोंधळतो. सुधीर रसाळ यांच्या 'कविता आणि प्रतिमा' या ग्रंथाने ज्या संकल्पनेची आपल्याकडे तपशीलवार मांडणी केली, ती प्रतिमा शब्दांनी घडते आणि वाचकाच्या संवेदनेत साकार होते. मानवशास्त्रज्ञ 'प्रतिमा हे संशोधनाचे साधन' असे म्हणतो तेव्हा त्याच्यासमोर छायाचित्र असते, चित्रपटाची फीत असते, क्वचित रेखाटन असते. पहिली शब्दांतून निघून दृश्याकडे जाते. दुसरी दृश्य म्हणूनच जन्मते आणि शब्दांसाठी खोळंबून राहते. हे खोळंबणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. छायाचित्र-पद्धतीची चर्चा सामान्यतः समाजशास्त्राच्या नियतकालिकांतून होते आणि तिथे ती तंत्राची, नमुनानिवडीची आणि नीतिनियमांची चर्चा होऊन बसते. ती वाङ्मयीन समीक्षेच्या अंगणात आणण्याचे कारण असे, की या पद्धतीचा जो सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयोग झाला तो वाङ्मयाच्याच धास्तीने झाला होता. ही गोष्ट आपल्याकडे फारशी ध्यानात घेतली गेलेली नाही.

हा प्रयोग म्हणजे ग्रेगरी बेटसन आणि मार्गारेट मीड यांचा 'बालिनीज कॅरेक्टर' हा १९४२ मध्ये न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ सायन्सेसने प्रकाशित केलेला ग्रंथ. १९३६ ते १९३८ या काळात, आणि पुन्हा १९३९ मधील एका छोट्या भेटीत, या दोघांनी बाली बेटावर, मुख्यतः बायुंग गेदे या डोंगराळ खेड्यात, क्षेत्रकार्य केले. बेटसन छायाचित्रे घेत, मीड टिपणे करीत आणि इ मादे कालेर हे त्यांचे बालीनिवासी सहकारी स्थानिक भाषेत स्वतंत्र नोंदी ठेवीत. लायका कॅमेऱ्याची पंचाहत्तर रिळे दोन वर्षांना पुरतील असा त्यांचा मूळ हिशेब होता. एका दुपारी आईबाप आणि मुले यांचे पाऊण तास निरीक्षण केल्यावर बेटसन यांनी तेवढ्यात तीन रिळे संपवली असल्याचे आढळले, ही हकिगत मीड यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे. हिशेब बदलला. परतताना त्यांच्यापाशी सुमारे पंचवीस हजार छायाचित्रे होती. त्यांपैकी ७५९ निवडून ती १०० पटांवर मांडण्यात आली.

इतका खटाटोप कशासाठी? ग्रंथाच्या प्रास्ताविकातच याचे उत्तर सापडते. मीड यांच्या समोआवरील (१९२८) आणि न्यू गिनीवरील पुस्तकांवर त्या फार 'लिहितात' असा आक्षेप होता. परक्या संस्कृतीचा भावनिक पोत सांगण्यासाठी त्यांनी रोजच्या वापरातली इंग्रजी योजली होती. अशा वर्णनाची पडताळणी करता येत नाही, दुसऱ्या संशोधकाला ते जसेच्या तसे साधता येत नाही आणि त्याचे यश लिहिणाऱ्याच्या शैलीवर नको तितके अवलंबून राहते, असा हा आक्षेप होता. शिवाय इंग्रजी शब्द आपल्या संस्कृतीचे अर्थ पाठीवर घेऊनच बालीत उतरणार. या दोन्ही संकटांतून छायाचित्र सोडवील अशी लेखकद्वयाची श्रद्धा होती. प्रत्यक्षार्थवादी शास्त्रकल्पनेला शैली हा नेहमीच एक प्रकारचा दोष वाटत आला आहे. इथे त्या दोषावर यंत्राचा उतारा शोधला गेला.

उतारा कितपत लागू पडला? ग्रंथाची रचना अशी आहे : एका पानावर छायाचित्रांचा पट आणि त्याच्यासमोरच्या पानावर बेटसन यांनी लिहिलेले विवरण. सत्तेचाळिसावा पट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्याचे शीर्षक मराठीत 'उद्दीपन आणि वैफल्य' असे करता येईल. आई मुलाला जवळ बोलावते, त्याला खेळवते, चेतवते. मूल आवेगाने तिच्याकडे झेपावते आणि नेमक्या त्या वेळी आईचे लक्ष उडते, तिची नजर कुठेतरी भलतीकडे लागते. बालीतील माणसाचा भावनिक अलिप्तपणा, कोणतीही उत्कटता शिगेला न नेण्याची त्याची वृत्ती, अशा बालानुभवांतून घडते हा ग्रंथाचा मध्यवर्ती सिद्धान्त आहे आणि हा पट त्याचा सर्वांत ख्यातनाम आधार आहे.

आता समोरचे पान झाकून हा पट पाहावा. एक बाई, एक मूल. काही चौकटींत बाई मुलाकडे पाहते, काहींत पाहत नाही. घरकामाच्या रगाड्यातली कोणतीही आई अशीच वागेल, असे एखादा वाचक म्हणेल. कॅमेरा घेऊन समोर उभ्या असलेल्या गोऱ्या पाहुण्यांकडे तिचे लक्ष गेले असेल, असे दुसरा म्हणेल. 'वैफल्य' कोणत्याच चौकटीत नाही. ते शीर्षकात आहे. लेसिंगने १७६६ मध्ये 'लाओकून'मध्ये चित्र अवकाशाची कला आणि काव्य काळाची कला असा भेद केला. त्या भेदावर पुढे कितीही वाद झाले असले तरी इथे त्याची सय येते. चित्रमालिका चित्रात काळ आणू पाहते, पण दोन चौकटींच्या मधली पांढरी पट्टी काही सांगत नाही. ती पट्टी वाक्यच भरून काढते. 'मग', 'तेव्हा', 'त्यामुळे' ही अव्यये बेटसन यांच्या विवरणातली आहेत आणि कार्यकारणभाव त्यांच्या आश्रयाने आत येतो. जी शैली मीड यांच्या गद्यातून हद्दपार करायची होती ती समोरच्या पानावरून, निवडीतून, चौकटींच्या क्रमातून, शीर्षकातून घरात परतली. परतली ती अधिक बळ घेऊन, कारण आता तिच्या पाठीशी छायाचित्राची निर्विवादता होती. वर्णनात्मक गद्यावर वाचक शंका घेतो. छायाचित्राखालच्या ओळीवर शंका घ्यायचे त्याला सुचत नाही.

रोलाँ बार्त यांनी १९६४ मधील 'प्रतिमेचे वक्तृत्व' या निबंधात चित्रासोबतच्या शब्दांचे एक कार्य नांगर टाकण्याचे असल्याचे म्हटले आहे. ('नांगरणे' म्हटले तर मराठी वाचक शेतात पोचेल, म्हणून जहाजाचा नांगर असे स्पष्ट केलेले बरे.) चित्राचे अर्थ तरंगते असतात, शब्द त्यांतील एकाला बांधून घालतो आणि हे बांधणे निरागस नसते, त्यात सत्तेचा व्यवहार असतो. बार्त यांनी हे जाहिरातीच्या संदर्भात मांडले. शास्त्रीय ग्रंथाला ते अधिक लागू पडते, कारण जाहिरात आपण विकायला आलो आहोत हे निदान लपवत नाही.

एवढे म्हटल्यावर एका गोष्टीचे श्रेय न देणे अन्यायाचे होईल. या दोघांनी आपल्या पुराव्यावर दुसऱ्याला वाद घालता येईल अशी सोय ठेवली. छायाचित्राची तारीख, स्थळ, व्यक्ती यांच्या नोंदी त्यांनी दिल्या. माणसाला त्या क्षणी आपले चित्र घेतलेले रुचणार नाही असे वाटले तेव्हा भलत्याच दिशेला कॅमेरा धरल्याचा भास निर्माण करणारा काटकोनी दृश्यशोधक आपण वापरला, हेही त्यांनी सांगून टाकले. आज आपल्याला हे खटकते, पण ते खटकू शकते याचे कारण त्यांनीच ते लिहून ठेवले आहे. त्याच संग्रहातून निराळी निवड करून जेराल्ड सलिव्हन यांनी १९९९ मध्ये बायुंग गेदेचे वेगळे पुस्तक सिद्ध केले, ते या नोंदींच्या आधारानेच. आणि स्वतः बेटसन? १९७६ मध्ये या दोघांचा एक संवाद छापला गेला. कॅमेरा तिपाईवर ठेवून, हात न लावता, दीर्घकाळ चालू द्यावा असा मीड यांचा आग्रह त्यात दिसतो. उलट तिपाईवरचा कॅमेरा काहीच पाहत नाही, छायाचित्रण हे कलारूपच असले पाहिजे, असे बेटसन म्हणतात. चाळीस वर्षांनंतर दोन लेखकांपैकी एक जण ज्या कलेला टाळायला निघाला होता तिच्याच दारात उभा होता. या मतभेदाची मीमांसा मानवशास्त्रज्ञ करतात ती बहुधा दोन स्वभावांचा झगडा म्हणून. मला तो झगडा पद्धतीच्या मुळाशीच असलेला दिसतो.

बालीच्या ग्रंथातील ओळ निदान विद्वानाची होती. तिच्याआधी पाऊणशे वर्षे आपल्या देशात ती सरकारी अंमलदाराची होती. जे. फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादिलेले 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात लंडनच्या इंडिया म्युझियमने प्रसिद्ध केले. गव्हर्नर-जनरल कॅनिंग यांच्या हौसेतून सुरू झालेला संग्रह १८५७ च्या उठावानंतर सरकारी कामाचा भाग झाला. साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आणि प्रत्येकासोबत त्या 'जमाती'चे वर्णन : अमुक लोक राजनिष्ठ, तमुक चोरटे, अमुक आळशी. माणूस एक, नाव जातीचे. छायाचित्रातील एका चेहऱ्याचे असंख्यांच्या 'नमुन्या'त रूपांतर करण्याचे काम भिंग करीत नाही. ते षष्ठीचा प्रत्यय आणि एकवचनी जातिवाचक नाम करते. व्याकरणाची ही करामत समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यापेक्षा भाषेच्या विद्यार्थ्याला लवकर दिसावी.

मुंबईचे उदाहरण याहूनही बोलके आहे. विल्यम जॉन्सन हे १८५४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. (डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही या सोसायटीत सक्रिय होते. म्हणजे कॅमेरा केवळ गोऱ्या हातांत होता असे मानण्याचे कारण नाही.) जॉन्सन यांचे मुंबईतील रहिवासी आणि येणारेजाणारे यांच्या जातीजमातींविषयीचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये निघाले. त्यांतील माणसांचे गट एका ठिकाणी टिपलेले आणि त्यांच्यामागचे शहर दुसऱ्या काचेवरून आणून जोडलेले आहे. स्थळ आणि माणूस यांचा संबंध, म्हणजे समाजशास्त्राचा मूळ विषयच, इथे कात्रीने सिद्ध केलेला आहे. तरीही या चित्रांना पुरावा म्हणण्यात कुणाला काही वावगे वाटले नाही.

'द पीपल ऑफ इंडिया'च्या बाबतीत एक प्रसंग नोंदलेला आहे. सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये लंडनमध्ये होते. तिथल्या इंडिया ऑफिसमध्ये ठेवलेल्या या पुस्तकाविषयी त्यांनी मायदेशी व्यथित होऊन लिहिले. त्यांचा मुलगा सय्यद महमूद ते चाळत असताना एका तरुण इंग्रजाने त्याला, तुम्ही हिंदुस्थानी काय, असे विचारले. महमूदने होकार दिला, पण तो शरमला आणि आपण मूळच्या रहिवाशांपैकी नव्हे, आपले पूर्वज परदेशातून आलेले आहेत, असा खुलासा त्याने घाईने जोडला. वसाहतवादी दृष्टीचा बळी म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. तो तसा आहेच. पण महमूदच्या उत्तराची रचना बारकाईने पाहिली पाहिजे. ओळ खोटी आहे असे तो म्हणत नाही. त्या चित्राखाली मला उभे करू नका, एवढेच तो म्हणतो. उघड्या अंगाने काढलेल्या ज्या कुणाचे चित्र त्या पानावर होते, तो महमूदच्या उत्तरानंतर होता तिथेच राहिला, किंबहुना आणखी एक पायरी खाली गेला. ज्याचे चित्र असते त्याला पुस्तक दाखवले म्हणजे न्याय होतो, अशी जी भाबडी समजूत या पद्धतीच्या पुढील इतिहासात दिसते, तिला या प्रसंगाने आधीच उत्तर देऊन ठेवले आहे.

पुढच्या इतिहासात पुस्तक खरोखरच दाखवले गेले, आणि तेही हेतुपुरस्सर. जॉन कॉलियर ज्युनिअर हे अमेरिकन शासनाच्या फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशनच्या प्रसिद्ध छायाचित्रकारांपैकी एक. लहानपणीच्या अपघाताने त्यांची श्रवणशक्ती अधू झाली होती. पाहण्यावरचा त्यांचा विश्वास केवळ सैद्धान्तिक नसावा. कॅनडाच्या सागरी प्रांतातील एका समाजाच्या मानसिक आरोग्याच्या पाहणीत त्यांनी मुलाखतींचे दोन संच करून पाहिले, एक छायाचित्रे समोर ठेवून आणि एक नुसत्या प्रश्नांचा. १९५७ मध्ये त्यांनी याचा अहवाल लिहिला आणि १९६७ मध्ये छायाचित्रण ही संशोधनपद्धती म्हणून मांडणारे त्यांचे पुस्तक आले. आज ज्याला छायाचित्र-प्रेरित मुलाखत म्हणतात तिचे मूळ इथे आहे. बेटसन-मीड यांच्याकडे चित्र हा निष्कर्षाचा आधार होता, कॉलियर यांच्याकडे ते बोलण्याचे निमित्त झाले. ओळ लिहिण्याचा, निदान तिचा कच्चा खर्डा करण्याचा हक्क चित्रातल्या माणसाकडे सरकला. या पद्धतीची खरी कमाई मला इथे दिसते. चित्र शब्दांपेक्षा अधिक सांगते या नेहमीच्या दाव्यात नव्हे.

पण त्या अहवालातील एक निरीक्षण पुढच्या उत्साही अनुयायांनी सोयीस्करपणे मागे टाकले. छायाचित्रांसमोर लोक नेमके बोलले, माहितीकोशाप्रमाणे तपशील देत बोलले. छायाचित्रांविना ते भरकटत, एका गोष्टीवरून दुसरीवर जात बोलले आणि त्यांच्या बोलण्याला त्यांच्या मनःस्थितीने आकार दिला. पहिला प्रकार संशोधनाला सोयीचा आहे हे उघड आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र दुसऱ्याची ओढ वाटेल. माणूस भरकटतो तेव्हाच तर त्याच्या बोलण्याची वळणे दिसू लागतात. चित्र स्मृतीला जागे करते आणि त्याच वेळी तिला खुंटीला बांधते. शेताचे छायाचित्र पुढे ठेवले की बोलणे शेताचे होते. बांधावर गेलेल्या भावाचे होईलच असे नाही.

सोल वर्थ आणि जॉन अडेअर यांनी १९६६ मध्ये अॅरिझोनातील पाइन स्प्रिंग्ज येथे कॅमेराच नावाहो लोकांच्या हाती दिला आणि त्याचा वृत्तान्त 'थ्रू नावाहो आइज' (१९७२) या ग्रंथात दिला. विणकरणीवरील चित्रपटात प्रत्यक्ष विणण्यापेक्षा मेंढ्या, लोकर, रंगासाठी वनस्पती आणणे यांनाच फार जागा मिळाली. माणसे चालताना पुष्कळ दिसली आणि चेहऱ्याची समीपदृश्ये टाळली गेली. यावरून कथनाचेही संस्कृतिविशिष्ट संकेत असतात, हे अभ्यासकांनी दाखवले. ते मोलाचे आहे. पण 'चालणे हे नावाहो कथनाचे लक्षण' ही ओळ पुन्हा वर्थ-अडेअर यांचीच. हाती दिलेला कॅमेरा परत गोळा झाला आणि ग्रंथ इंग्रजीत लिहिला गेला. या ग्रंथातील सर्वांत अस्वस्थ करणारे बोलणे तेथील वृद्ध मांत्रिक-वैद्य सॅम याझी यांचे आहे. चित्रपट काढल्याने मेंढ्यांना काही अपाय होईल का, असे त्यांनी विचारले. नाही, असे उत्तर मिळाले. मग काही भले होईल का? त्यालाही नाही म्हणावे लागले. तर मग काढायचे कशाला, असा त्यांचा तिसरा प्रश्न होता. हा किस्सा व्याख्यानांत हशा मिळवण्यासाठी सांगितला जातो. वास्तविक संशोधनाच्या प्रयोजनाविषयीचा तो एक परखड प्रश्न आहे आणि ग्रंथाची उरलेली पाने त्याला उत्तर देत नाहीत.

मराठीत या साऱ्याचे काय? चित्र आणि शब्द यांच्या नात्याविषयी आपल्या परंपरेत निराळी समज होती. पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक पुढे ठेवीत कथा गातो. चित्राखाली ओळ नसते. ती दर खेळाला तोंडून यायची, गावाप्रमाणे आणि रात्रीप्रमाणे थोडी बदलायची. संशोधनाच्या क्षेत्रात दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअॅलिटी'मध्ये (१९६२) पुण्याच्या आसपासची मातृदेवतांची ठाणी पायी हिंडून नोंदवली आणि शेंदूर फासलेला धोंडा संस्कृत ग्रंथाच्या शेजारी पुरावा म्हणून ठेवला. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी'मध्ये (१९७८) शिरोहीन नग्न देवीच्या मूर्तींचा अर्थ शोधताना मूर्तिशास्त्राच्या कोष्टकापाशी न थांबता सांतेरीचे वारूळ, रेणुकेची कथा, बायकांचे आचार यांकडे धाव घेतली. मूर्तीखालची ओळ पूजणाऱ्यांच्या व्यवहारात असते, ती संशोधकाने बसवायची नसते, हे ढेरे यांना कोणत्याही पाश्चात्त्य पद्धतिशास्त्राविना उमगले होते. त्यांचे काही निष्कर्ष वाद्य आहेत. ही दृष्टी नाही.

यानंतर आपल्या विद्यापीठांतील लोकसाहित्यावरचे प्रबंध उघडावेत. शेवटी परिशिष्ट, परिशिष्टात गुळगुळीत कागदावर रंगीत छायाचित्रे आणि त्यांखाली ओळ : 'संशोधक लोककलावंतांसमवेत'. कलावंताचे नाव बहुधा नसते, तारीख नसते, आणि मुख्य प्रकरणांत त्या छायाचित्राचा एकदाही उल्लेख येत नाही. छायाचित्र इथे एवढेच सिद्ध करते, की संशोधक तिथे गेला होता. 'द पीपल ऑफ इंडिया'तील अंमलदाराने निदान समोरच्याविषयी काही म्हणण्याची तसदी घेतली होती. आमच्या प्रबंधांत ओळीचा कर्ता आणि विषय दोन्ही संशोधकच असतो. आता तर गोंधळ्याच्या, वासुदेवाच्या खिशातही फोन आहे. संशोधक त्याचे छायाचित्र घेतो तेव्हा तोही संशोधकाचे घेतो आणि आपल्या ओळीसह आप्तांना पाठवतो. ती ओळ काय असते, हे पाहण्याची इच्छा एकाही प्रबंधात दिसत नाही.

करण्याजोगे पुष्कळ आहे आणि ते फार खर्चाचेही नाही. छायाचित्र परिशिष्टातून काढून प्रकरणात आणावे. ते त्यातील माणसापुढे ठेवावे. तो जे म्हणेल ते त्याच्या बोलीत, भरकटण्यासकट, छायाचित्राशेजारी छापावे. संशोधकाचे विवरण त्याच्या खाली यावे, आणि दोहोंचे जुळत नसेल तर ते न जुळणेही छापावे. मात्र सर्वत्र हाच उपाय चालेल असे नव्हे. जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्यांचा अनुभव असा, की म्हातारीला 'ओवी सांगा' म्हटले तर एक आठवत नाही; खुंट्याला हात लागला आणि पाळू फिरू लागली की ती एकामागून एक सुटत जाते. तिच्यापुढे जात्याचे छायाचित्र ठेवले तर ती ते कुठल्या दगडाचे, कधी टाकी लावलेले, कुणाच्या घरचे, हे सांगेल. कॉलियर यांच्या भाषेत ती मुलाखत उत्तम झाली असे होईल. ओवी मात्र त्या मुलाखतीत येणार नाही.